एकट्यानं येऊ नये

सरांनी उभ्या आयुष्यात छत्रीचं टोकसुद्धा कधी माणसाकडे केलं नाही. छत्री असो, झाडू असो, शेवग्याच्या शेंगा तोडायची आकडी असो, हातात लांब असं काही आलं की त्याचं टोक आपोआप जवळच्या भिंतीकडे वळायचं. एका लग्नात त्यांच्या हातात माईक दिला, तर त्यांनी आधी मागे कोण उभं आहे ते पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. सगळा हॉल हसून हसून बेजार. सरांना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही. "नळी कायम भिंतीकडं पाह्यजे," ते मला म्हणाले, "मंग हातात काई का असंना."

यवतमाळला दारव्हा रोडवर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. पत्र्याच्या दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: ‘छर्‍याच्या बंदुकीची नेमबाजी. फक्त नवरा-बायकोसाठी. एकट्यानं येऊ नये.’ गावानं या पाटीवर किती विनोद केले असतील त्याची मोजदाद नाही. पानठेल्यावर तर रोजचा विषय होता. "बुढ्यानं नवरा-बायकोच्या हाती बंदुका देल्या, आता पाहा कोण कोणाले उडवते तं!" सर तिथूनच सायकलवर जायचे आणि मान हलवून सगळ्यांना नमस्कार करायचे.

पाटीचा नियम ते मोडत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक उंचापुरा पोरगा आला, कॉलेजच्या स्पर्धेतली पदकं गळ्यात घालूनच आला म्हणा ना. सरांनी विचारलं, "बायको?" तो म्हणाला, "लग्न व्हायचं हाय सर." "मंग करून ये," सर म्हणाले आणि दार लावून घेतलं. मला त्या पोराची दया आली, पण हसूही आवरेना.

आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. मी सातवी-आठवीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, म्हणजे सकाळी सहापासून तोंड चालू. आमच्या ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. दिवसभर तांब्याच्या तारेत डोकं घालून बसणारा माणूस. मुलगा पुण्याला गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो आणि ह्यांची दिवसाची चार वाक्यं ठरलेली: जेवाले वाढ, मोबाईल कुठं ठेवला, लाईट गेली, गेट लावलं का. मी वैतागून भिंतींशी बोलायला लागले होते. एक दिवस हे सरांच्या गोदामातला पंखा दुरुस्त करून आले आणि हात पुसता पुसता म्हणाले, "रविवारी तिथं जायचं का आपण?" पाचवं वाक्य! मी इतकी दचकले की कुठं, कायले, काहीच न विचारता हो म्हणून बसले.

पहिल्या रविवारी बंदूक हातात मिळाली नाही. सरांनी पाच जोडपी समोरासमोर स्टुलांवर बसवली आणि म्हणाले, "एकमेकाची नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. मोजून चिठ्ठीवर लिहा." त्यांचा नियमच होता तो. नाडी नव्वदच्या वर असली तर त्या दिवशी बंदूक नाही. आणि आपली आपण मोजायची नाही, जोडीदारानंच मोजायची. आता घ्या! लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण चारचौघांत ह्यांनी माझा हात सप्तपदीनंतर धरलेला मला तरी आठवत नाही. हे घड्याळाकडे बघत, ओठ हलवत मोजतायत आणि माझं काळीज असं धडधडतंय की विचारू नका. माझी नाडी भरली एकशे चार. ह्यांनी प्रामाणिकपणे तेवढीच लिहिली. मी दिवसभर बाकड्यावर बसून राहिले आणि परत येताना गाडीवर ह्यांच्याशी भांडले. हे गाडी चालवता चालवता हसत होते. किती दिवसांनी!

तिसऱ्या रविवारी ह्यांनी अठ्ठ्याऐंशी लिहिली आणि माझ्या हातात बंदूक आली. बाई गं, काय तो दिवस! दहा मीटरवर कार्ड, कार्डावर काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध दहाचा ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा. सर मागे उभे. त्यांचा आवाज अगदी हळू असायचा. "श्वास अर्धा सोडा. अर्धा राहू द्या पोटात. घोडा दाबायचा नसते मॅडम, त्याची वाट पाहायची असते." मी वाट पाहिली. फट्! छर्रा कार्डाच्याही बाहेर, मागच्या गोणपाटात गेला. पण माझ्या अंगात वारं शिरलं ते शिरलंच. त्या दिवसापासून मी रविवारची वाट बघायला लागले. बुधवारीच विचारायचे, आज कोणता वार.

सरांच्या टेबलावर एक सायकलची घंटी स्क्रूनं बसवलेली होती. ती दोन गोष्टींसाठी वाजे. एक, नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला शिकवायला सुरुवात केली की. "कोपर वर घे वं," एवढं कोणी म्हणायचा अवकाश, ट्रिंग! "शिकवाले मी हाव. तुम्ही फक्त पाहा." केळापूरकडून एक जोडपं यायचं, कापसाची शेती असलेलं. त्यातला दादा फार शिकवायचा. घंटी वाजवून वाजवून सरांचा अंगठा दुखायला लागला. त्याची बायको मात्र कमरेला पदर खोचून उभी राहिली की भिंतीसारखी स्थिर. दिवसभर कापूस वेचणारे ते हात, थरथर म्हणून नाही. ती नवापेक्षा खाली यायचीच नाही.

आणि दुसरं, ‘नशीब’ हा शब्द. गोदामात त्याला बंदी होती. कोणाचा नेम लागला आणि जोडीदार म्हणाला, "नशिबानं लागला," की घंटी, आणि शिक्षा. शिक्षा अशी, की जो बोलला त्यानं जोडीदारासमोर ताठ उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तीनदा म्हणायचं, "तो तुझा नेम होता." मला वाटायचं, म्हातारा जरा तऱ्हेवाईक आहे, आहेत त्याच्या काही खुळ्या गोष्टी. का, ते मला पुढे कळलं.

कळलं ते काकूंकडून. सरांचं घर गोदामाच्या मागेच, मध्ये फक्त कमरेएवढी कुंपणाची भिंत. दर रविवारी साडेदहाला काकू चहाची किटली आणि कप घेऊन यायच्या, भिंतीवर ठेवायच्या आणि मागे वळायच्या. भिंतीच्या अलीकडे कधी पाऊल नाही. सर त्या वेळी शिकवता शिकवता थांबायचे. किटलीकडे नाही, काकूंकडे बघत राहायचे, त्या घरात जाईपर्यंत. मग घसा खाकरून म्हणायचे, "हं, पुढचं जोडपं."

मी गप्प राहणाऱ्यातली थोडीच! एकदा किटली परत द्यायला गेले आणि अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलेल्या काकूंना सरळ विचारलं, "काकू, तुम्ही काहून येत नाही आत?"

काकूंनी सूप थांबवलं नाही. "जत्रंत गेलतो आम्ही," त्या म्हणाल्या. "केळापूरच्या. लग्नाले दोन महिने झालते. तिथं फुगे फोडाची बंदूक होती. यायनं दहात सहा फोडले. हे तवा आश्रमशाळंत कसरतीचे मास्तर, पोट्ट्यायले नेमबाजीले घेऊन जात. त्यायचा मोठा तोरा. मंग मले म्हणे, तू मार. मी दहाच्या दहा फोडले."

"दहा!" मी ओरडलेच.

"दहा. लोक हसाले लागले. मास्तर हरले बायकोपुढं, असं म्हणून हसाले लागले. तं हे सगळ्यायच्या समोर मोठ्यानं म्हणाले, नशिबानं लागले, बायकाच्या हातात कायचा आला नेम. अन् माह्या हातातली बंदूक ओढून घेतली." काकूंनी डाळीतले खडे बोटानं बाजूला सारले. "पस्तीस वर्षं झाले. मी पुन्हा हात नाई लावला."

"आणि सरांनी कधी काही म्हटलं नाही? चुकलं म्हणून?"

"गोदाम घेऊन बसले ना," काकू म्हणाल्या. "घंटी वाजवतेत. मले आयकू येते सगळं. पण मले येऊन नाई बोलले कधी."

मी त्या दिवशी घरी आले ती रागानंच. हा माणूस गावभरच्या नवऱ्यांना बायकोची कदर शिकवतो आणि स्वतःच्या बायकोसमोर याची जीभ उचलत नाही! पण राग टिकेना. दसऱ्यानंतरच्या रविवारी गोदामात जोडप्यांची स्पर्धा असायची. त्याची यादी सरांनी भिंतीला लावली होती. सगळ्यात खाली त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव आणि शेजारी काकूंचं. केळापूरचे दादा म्हणाले, "मागच्या वर्षीबी लिवलंतं. मंग सकाळी खोडलं." ते ऐकून मला रडूच आलं. एवढी इच्छा आणि एवढा भित्रेपणा एकाच माणसात!

स्पर्धेच्या आदल्या रविवारी मी पहिल्यांदा दहा मारला. नीट ऐका, दहा! खसखस फुटली! मी बंदूक खाली ठेवली, नळी भिंतीकडे, आणि जागच्या जागी उड्या मारल्या. पंचेचाळीस वर्षांच्या बाईनं मारू नयेत तशा मारल्या. आमचे हे दुर्बिणीतून कार्ड बघून म्हणाले, "नशीब गं तुझं."

ट्रिंग!

हे उठले. मुळात न बोलणारा माणूस, कान लालबुंद झालेले. माझ्यासमोर ताठ उभे राहिले. पहिल्यांदा पुटपुटले. सर म्हणाले, "आयकू नाई आलं." दुसऱ्यांदा बरं म्हणाले. आणि तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत बघून, अगदी मोठ्यानं म्हणाले, "तो तुझा नेम होता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं भरून आलं की काय सांगू. चोवीस वर्षांत एवढं मोठं कोणी मला काही दिलं नव्हतं. आणि त्या भरात माझं तोंड सुटलं.

"सर, तुम्ही कधी म्हटलं हे? काकूंना?"

ह्यांनी माझा पदर ओढला, पण बाण सुटला होता. सर घंटीवर हात ठेवून उभे राहिले, आता वाजवतात की काय असं वाटलं. कोणत्या नियमात मला बसवावं ते त्यांना सुचत नसावं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "नाई म्हटलं."

"मंग म्हणा ना," केळापूरची ताई म्हणाली. ती एरवी शब्द बोलत नसे. "शिक्षा तं सारखीच पाह्यजे सगळ्यायले."

सर निघाले. पायात चप्पल घालायची राहिली. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं, पण मागे कोण राहतं! दहाच्या दहा जण त्यांच्या मागे निघालो, कुंपणाची भिंत ओलांडताना एकमेकांना हात देत. माझी नाडी तेव्हा कोणी मोजली असती तर मला वर्षभर बंदूक मिळाली नसती.

काकू अंगणात किटली घासत होत्या. एवढी माणसं पाहून उभ्या राहिल्या, राखेचे हात तसेच. सर त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले आणि काहीतरी हळू बोलले. दोघंही बंजारा तांड्यावरची, घरात गोरबोलीच बोलत; आम्हाला एक अक्षर कळलं नाही. चेहऱ्यावरून मात्र कळलं, की पस्तीस वर्षांचं एकदम बाहेर येतंय. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग मराठीत म्हणाल्या, "जत्रंत कोण्या भाषेत बोललते?"

सरांनी मान खाली घातली.

"मराठीत बोललते ना? सगळ्यायले समजन असं?" काकूंनी राखेच्या हातानं आमच्याकडे दाखवलं. "मंग आताबी यायले समजन असं बोला."

मी श्वास रोखला होता, अर्धा नाही, पूर्ण. सर आमच्याकडे वळले, मग परत काकूंकडे. आणि शाळेच्या मैदानावर हुकूम सोडत असतील तशा आवाजात, पलीकडच्या रस्त्यावरची सायकल थांबेल असं ओरडले, "दहाच्या दहा! तो तुहा नेम होता! मी जळलो होतो! तो तुहा नेम होता! तुहा नेम होता!"

खरंच एक सायकलवाला थांबला. आम्ही टाळ्या वाजवल्या, केळापूरचे दादा तर डोळे पुसायला लागले. काकू मात्र खाली बसल्या, किटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "आयकलं. जा आता, लोक खोळंबले." बस्स. ना हो, ना नाही. सर अनवाणीच परत आले. यादीतली दोन नावं तशीच होती.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शिकवणीत पोरांना त्रैराशिक शिकवताना काकू येतील की नाही याचाच हिशोब चाले. आमचे हेही रोज विचारायचे, "येतीन का वं त्या?" हे म्हणजे सहावं वाक्य झालं. रात्री जेवताना आम्ही पैज लावायचो. हे म्हणायचे येतील, मी म्हणायचे नाही येणार, कारण मला ती पैज हरायची होती.

रविवारी सगळी जोडपी आठालाच हजर. बंदुकांना दसऱ्याचे झेंडूचे हार अजून तसेच होते. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि एका मिनिटात तीनदा कुंपणाच्या भिंतीकडे बघत होते. एकेक जोडपं मारत गेलं. आमचं झालं. मी दोन दहा मारले, हे सहा-सातात घुटमळले, मी घंटीच्या भीतीनं एक शब्द बोलले नाही. केळापूरची ताई आणि दादा सगळ्यांच्या पुढे निघाले. साडेदहा वाजले. भिंतीवर किटली आली नाही.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि यादीकडे गेले. खालच्या ओळीवर पेन टेकवलं. मला बघवेना, मी तोंड फिरवलं. म्हणून मला आधी दिसलं. काकू भिंतीवरून नाही, समोरच्या रस्त्यानं, पत्र्याच्या दारातून येत होत्या. हिरवं लुगडं, केसांत फूल, आणि चेहरा असा, जसा वीजबिलाची तक्रार द्यायला निघालेल्या बाईचा असतो. "सर!" मी किंचाळले. "खोडू नका!"

काकू थेट स्टुलावर बसल्या आणि हात पुढे केला. सरांनी त्यांची नाडी मोजली, चिठ्ठीवर बहात्तर लिहिली. मग काकूंनी सरांची मोजली. मोजता मोजता त्यांची भुवई वर गेली. त्या कितीपर्यंत पोचल्या होत्या देव जाणे, पण मिनिट संपल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि ठासून लिहिलं: ऐंशी. सरांनी चिठ्ठी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गोदामात धडधडीत खोटं लिहिलं गेलं आणि ते काही बोलले नाहीत.

दोघं शेजारी-शेजारी उभे राहिले, आपापल्या कार्डासमोर. काकूंना कोणी काही शिकवलं नाही. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला. फट्. फट्. त्या घाई करत नव्हत्या. सरही मारत होते. मी दुर्बिणीला डोळा लावायला धडपडत होते, ह्यांनी ती मला दिली नाही, आम्ही दोघं पोरांसारखे एकाच दुर्बिणीवर भांडलो. दहा-दहा छर्रे झाले. बंदुका खाली, नळ्या भिंतीकडे.

सर स्वतः कार्डं काढायला गेले आणि तिथेच थांबले. बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी केळापूरची ताई गेली आणि कार्डं घेऊन आली. सरांच्या कार्डावर भोकं नऊ. काकूंच्या कार्डावर अकरा.

शेजारच्याच्या कार्डावर छर्रा मारणं म्हणजे अगदी नवशिक्याची चूक. पहिल्या आठवड्यात होते ती, तेव्हाही सर चारदा सुनवायचे. मारणाऱ्याचा तो छर्रा बाद, वर दोन गुण कापले. काकूंची दहा भोकं काळ्या वर्तुळात एकमेकांना चिकटून बसली होती. पस्तीस वर्षं बंदूक न धरलेल्या बाईची! अकरावं लांब, पांढऱ्या कडेला, एकटंच.

"ते माहं हाय," सर म्हणाले. मान खाली. त्या एका छर्‍यानं पहिला नंबर त्यांच्या हातातून केळापूरला गेला होता.

काकूंनी कार्ड हातात घेतलं, ते लांबचं भोक बोटानं दाखवलं. "तुमी माह्या कार्डाकडं काहून पाहून राह्यलते?"

"जत्रंत नीट पाह्यलं नव्हतं," सर म्हणाले. "माह्याच फुग्याकडं पाहत होतो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते कार्ड घडी न घालता, तसंच अलगद पदराखाली धरलं.

"मंग पुढच्या रविवारी लवकर चालू करा," त्या म्हणाल्या. "मले दहा छर्रे नाई पुरत."